गूगल अर्थ आणि इतर आभासी पृथ्वीगोल: भूगोल शिकवताना काय साधतं, काय फसतं

नकाशेकर

गूगल अर्थ उघडायचं, अवकाशातून सर्रकन शाळेच्या छपरावर उतरायचं, मुलांनी टाळ्या वाजवायच्या आणि तास संपवायचा. आभासी पृथ्वीगोलाचा वापर बहुतेक वेळा एवढ्यावरच थांबतो. जून २००५ मध्ये गूगल अर्थ आलं तेव्हा या उड्डाणाचं नवल होतं. आता ते प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यामुळे नवलाईवर तास निघत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे: सपाट नकाशा ज्या बाबतीत खोटं बोलतो, तेवढ्यासाठी गोल काढावा. बाकी कामाला नकाशासंग्रह उत्तम, त्याला वीजही लागत नाही.

आधी अवजारं. संगणकावर बसवायचं गूगल अर्थ प्रो जानेवारी २०१५ पासून फुकट आहे. मोजमाप, उंचीचा छेद, जुन्या प्रतिमा, चित्र पांघरणं हे सगळं एका ठिकाणी हवं असेल तर आजही तेच घ्यावं. ब्राउझरमधली आवृत्ती २०१७ ची. ती दाखवायला सोपी आणि तिच्यात प्रोजेक्ट करून वाटता येतात, पण बारीक मोजणीच्या कामात प्रो उजवं आहे. केडीई या मुक्तस्रोत गटाचं 'मार्बल' हलकं आहे, जुन्या यंत्रावर चालतं, आणि त्यात गोल व सपाट प्रक्षेपण (पृथ्वी कागदावर किंवा पडद्यावर मांडायची पद्धत) एका टिचकीने बदलतं. शिकवणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं. स्वतःचं संकेतस्थळ करणाऱ्यांसाठी 'सीझियम' आहे, मुक्तस्रोत.

पहिला पाठ माझ्या मते हाच असावा.

भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर (नेहमीचा सपाट नकाशा, ज्यात ध्रुवांकडचे भाग ताणलेले दिसतात) दोन बिंदू दाखवा: ६० उत्तर, १० पूर्व (ओस्लोच्या थोडं पश्चिमेला) आणि ६० उत्तर, १७० पश्चिम (बेरिंग समुद्रात). जवळचा रस्ता कोणता, हे प्रत्येकाने वहीत आधी काढायचं. जवळजवळ सगळे ६० अंशांच्या अक्षवृत्तावरून सरळ आडवी रेघ मारतात. मग प्रोमध्ये दोन्ही ठिकाणी खुणा टाकून रूलरने रेषा ओढा. रेषा थेट उत्तर ध्रुवावरून जाते. पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल मानली तर हे अंतर सुमारे ६,६७० किमी भरतं आणि अक्षवृत्तावरून गेलं तर सुमारे १०,०१० किमी. पृथ्वी ध्रुवांशी चपटी धरून हिशेब केला तर दोन्ही आकडे पंचवीस ते चाळीस किमीने वाढतात. तेवढ्या फरकाने घाबरू नये.

अक्षवृत्तावरचं अंतर मोजताना दोनच बिंदूंचा 'पाथ' काढला तर तोही ध्रुवावरूनच जाईल, कारण हे सॉफ्टवेअर दोन बिंदू बृहद्वृत्तानेच, म्हणजे गोलावरच्या सर्वांत जवळच्या रस्त्यानेच, जोडतं. दर १० रेखांशांवर एक असे १९ बिंदू द्यावे लागतात. तरीही प्रत्येक तुकडा किंचित उत्तरेला फुगतो आणि बेरीज दहाएक किमीने कमी येते. हा फरक कुठून आला, हे चलाख मुलांना विचारायला चांगलं. बिंदू १० पूर्वेकडून पश्चिमेला टाकत न्या, म्हणजे १८० रेखावृत्त ओलांडावं लागत नाही. ते ओलांडताना आकृत्या कशा उलट्या फिरतात ते पुढे कुणीतरी लिहीलच.

---

वळणवाट

उत्तम धागा. दोन शंका. इंटरनेट धड नसलेल्या वर्गात हे कसं चालवायचं? आणि मुलं झूम करता करता हरवतात, त्यावर काय उपाय?

---

नकाशेकर

इंटरनेट: प्रोच्या 'ऑप्शन्स'मध्ये 'कॅश' नावाचा भाग आहे. तिथे डिस्क कॅश कमाल मर्यादेपर्यंत, म्हणजे २,००० एमबीपर्यंत, वाढवा. मग चांगलं इंटरनेट असेल तिथे बसून पाठात दाखवायच्या प्रत्येक जागी त्याच उंचीवरून, त्याच तिरकस कोनातून एकदा फिरून या. प्रत्येक ठिकाणी चित्र पूर्ण स्वच्छ होईपर्यंत थांबायचं. हे पाहिलेले तुकडे डिस्कवर राहतात आणि जोडणी नसतानाही उघडतात. फसतं ते असं: घरी वरून सरळ पाहिलेलं असतं आणि वर्गात दृश्य तिरकं केलं जातं. तिरक्या दृश्यात क्षितिजापर्यंतचे नवे तुकडे लागतात आणि ते कॅशमध्ये नसतात. डोंगर मग लोण्यासारखे वितळलेले दिसतात. जुन्या प्रतिमा दाखवायच्या असतील तर त्या त्या तारखेलाही तशीच फेरी मारून यावी लागते. शिवाय याच संगणकावर दुसऱ्या कुणी मधल्या काळात भरपूर भटकंती केली तर तुमचे तुकडे बाहेर फेकले जातात. महत्त्वाच्या पाठाचं स्क्रीन-रेकॉर्डिंग जवळ असू द्या.

हरवणं: तीन कळा फळ्यावर लिहून ठेवा. एन दाबलं की उत्तर वर येते, यू दाबलं की दृश्य पुन्हा सरळ वरून दिसतं, आर दाबलं की दोन्ही. कंट्रोल आणि एल दाबलं की अक्ष-रेखावृत्तांची जाळी येते, तीत विषुववृत्त आणि कर्क-मकरवृत्तंही असतात. आणि उजवीकडे खाली 'आय अल्टिट्यूड' दिसतं, ते मोठ्याने वाचायची सवय लावा. "आपण आता किती उंचीवर आहोत?" हा प्रश्न दर उडीला.

---

अक्षवृत्त

त्या उंचीच्या आकड्यावर थोडी भर. पडद्यावर गोल वर्तुळ दिसलं की आपण अर्धी पृथ्वी पाहतोय असं वाटतं. तसं नसतं. उंची भागिले (त्रिज्या अधिक उंची)ची दुप्पट, एवढाच भाग नजरेत येतो. ४०० किमीवरून, म्हणजे साधारण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या उंचीवरून, पृथ्वीचा ३ टक्के पृष्ठभाग दिसतो. ११,००० किमीवरून ३२ टक्के. भूस्थिर उपग्रहाच्या ३५,७८६ किमीवरूनही ४२ टक्केच. पन्नास कधीच नाही. आफ्रिका मध्यभागी ठेवली की ती अवाढव्य दिसते, त्याचं एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे कडेचा भाग दबतो. मर्केटरची खोटी मोजमापं उघडी पाडायला गोल काढला आणि गोलाने स्वतःच फसवलं, असं व्हायला नको. क्षेत्रफळाची तुलना नजरेने करू नका, 'पॉलिगॉन'ने मोजा. ग्रीनलँड साधारण २१.७ लाख चौ. किमी, आफ्रिका सुमारे ३ कोटी. चौदा पट. ढोबळ वीस बिंदूंचा बहुभुज काढला तरी हे गुणोत्तर बरंच जवळ येतं.

आता उठावाबद्दल, म्हणजे जमिनीच्या चढउतारांबद्दल. प्रोमध्ये 'एलिव्हेशन एक्झॅजरेशन' नावाची एक चौकट आहे, ०.०१ ते ३ पर्यंत आकडा घेते. कुणीतरी ती ३ वर ठेवून जातं आणि मग महिनोन्महिने त्या यंत्रावर प्रत्येक टेकडी आल्प्स होते. तास सुरू करण्याआधी ती १ आहे का ते पाहावं. एक मीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर ८,८४९ मीटरचा एव्हरेस्ट ०.७ मिलिमीटरसुद्धा भरत नाही, हे एकदा सांगून ठेवलं की उठाव वाढवण्याची गरज आणि त्यातला खोटेपणा दोन्ही समजतात.

छेदासाठी ॲरिझोनातलं अशनी विवर घ्या (३५.०३ उत्तर, १११.०२ पश्चिम). त्याच्या मधून जाणारा अडीच किमीचा पाथ काढा, त्यावर उजवी टिचकी मारून 'शो एलिव्हेशन प्रोफाइल'. आलेखात खोल वाडगं दिसतं. कारण त्या आलेखाची उभी आणि आडवी प्रमाणं वेगळी असतात, आणि खिडकीचा आकार बदलला की तीही बदलतात. आता आलेख-कागदावर १०० मीटरला १ सेमी असं दोन्ही दिशांना एकच प्रमाण घेऊन तेच काढायला सांगा. विवर सुमारे १.२ किमी रुंद आणि १७० मीटर खोल, म्हणजे १२ सेमी रुंद आणि जेमतेम पावणेदोन सेमी खोल. वाडगं जातं आणि पसरट ताटली येते.

---

छिद्रान्वेषी

सगळं छान आहे, पण मूळ धोक्याबद्दल कुणीच बोलत नाहीये. हा गोल फोटो आहे असं बघणाऱ्याला वाटतं. तो फोटो नाही. वेगवेगळ्या उपग्रहांनी आणि विमानांनी वेगवेगळ्या दिवशी टिपलेल्या प्रतिमांची ती गोधडी आहे, ढग वेचून काढलेले, रंग जुळवलेले, आणि ती उंचीच्या वेगळ्याच विदावर (डेटावर) पांघरलेली. तो उंचीचा विदा कित्येक ठिकाणी फेब्रुवारी २००० मधल्या 'एन्डेव्हर' यानाच्या रडार मोहिमेतून आलेला. ११ दिवसांची मोहीम, ६० उत्तर ते ५६ दक्षिण एवढाच पट्टा. त्यानंतर खणलेली खाण किंवा बांधलेलं धरण प्रतिमेत दिसेल, पण जमिनीचा आकार जुनाच असू शकतो. म्हणून धरणाच्या भिंतीवरून पाणी उतारावर चढलेलं दिसतं, पूल दरीत कोसळल्यासारखे वाकतात. मुलं हसतात आणि शिक्षक "सॉफ्टवेअरची चूक" म्हणून पुढे जातात. तिथेच थांबायला हवं!

दोन उदाहरणं तर वर्गात दाखवायलाच हवीत. २००९ मध्ये गूगल अर्थवर समुद्रतळ आला आणि आफ्रिकेच्या वायव्येला अटलांटिकच्या तळाशी रस्त्यांसारखी आखीव जाळी दिसली. "अटलांटिस सापडलं" म्हणून गवगवा झाला. त्या होत्या सोनारने खोली मोजत गेलेल्या जहाजांच्या वाटा. वाटेवर बारीक मोजणी, दोन वाटांमध्ये उपग्रहावरून काढलेला ढोबळ अंदाज. दुसरं सँडी आयलंड. कोरल समुद्रातलं हे बेट नकाशांवर होतं, गूगल अर्थवर काळ्या डागासारखं दिसत होतं. नोव्हेंबर २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाचं 'सदर्न सर्व्हेयर' हे संशोधन-जहाज तिथे गेलं तर खोल पाणी, बेटाचा पत्ता नाही.

आणि हो, हे "लाइव्ह" नाही हे प्रत्येक प्रदर्शनात पाटी लावून सांगा. "माझी गाडी आत्ता दिसतेय का?" हा प्रश्न ठरलेला.

---

वळणवाट

+१. मग हाच पाठ करावा का? "या दृश्यात काय मोजलेलं आहे आणि काय अंदाजाने भरलेलं आहे?"

---

छिद्रान्वेषी

बरोबर तोच. कृती सोपी आहे. पाच ठिकाणं द्यायची, प्रत्येकाची प्रतिमा-तारीख खालच्या पट्टीतून टिपायची. मग शेजारच्या भागावर सरकत जाऊन तारीख कुठे बदलते तो सांधा शोधायचा. रंग अचानक बदलतो, शेतं एका बाजूला हिरवी आणि दुसरीकडे करडी, नदीचं पात्र मध्येच रुंद होतं. पावसाळ्यानंतरची आणि उन्हाळ्यातली प्रतिमा एकमेकींना चिकटलेली असतात. "नदी इथे अचानक का आटली?" यावर भलेभले भूरूपाची कारणं शोधत बसतात.

ताजं काही हवं असेल तर नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' ब्राउझरमध्ये उघडा. तिथे रोजच्या प्रतिमा मिळतात, ढगांसकट. बारकावा कमी, २५० मीटरच्या आसपास. पण वादळ, धूर, धूळ, बर्फाची चादर यांना तेवढं पुरतं. मधला पर्याय युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा, १० मीटर, दर काही दिवसांनी.

---

विदागार

केएमएलवाल्यांसाठी, म्हणजे खुणा, रेषा, बहुभुज गोलावर टाकायची फाइल करणाऱ्यांसाठी. (केएमएल २००८ पासून खुलं मानक आहे, त्यामुळे एकदा केलेली फाइल प्रो, मार्बल, सीझियम सगळीकडे चालते.) मुलांनी स्वतः गोळा केलेला विदा गोलावर टाकणं हा उपक्रमाचा गाभा आहे आणि शंभरातल्या नव्वद वेळा तो या ठरलेल्या जागी अडतो:

क्रम. केएमएलमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश, मग उंची. आपण बोलताना उलट बोलतो. २० उत्तर, ७५ पूर्व हा बिंदू उलटा भरला की तो ७५ उत्तर, २० पूर्वेला जातो, म्हणजे नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मध्ये, बेअर आयलंडजवळ गार पाण्यात. सगळ्या खुणा आर्क्टिकमध्ये जमा झाल्या की समजायचं काय झालं ते. रेखांश ९० च्या पुढचा असेल तर मात्र अक्षांशच अवैध ठरतो.

अंश-मिनिटं. १८ अंश ३० मिनिटं म्हणजे १८.५, १८.३० नव्हे. ही चूक नकाशावर पटकन दिसत नाही, कारण बिंदू "जवळपास" पडतो. ०.२ अंश म्हणजे उत्तर-दक्षिण २२ किमी. एखाद्या गटाचे सगळे बिंदू एकाच बाजूला सरकलेले दिसले तर आधी हे तपासा.

देवनागरी. नावं चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन आली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) साठवलेली नाही. एक्सेलमधून साठवताना साधं सीएसव्ही न निवडता 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडायचं. आणि अंक इंग्रजी लिपीतच हवेत. १८.५ असं देवनागरीत लिहिलेलं यंत्राला अक्षांश म्हणून कळत नाही.

रंग. वेबपानावर रंगाचा सांकेतिक आकडा लाल-हिरवा-निळा या क्रमाने. केएमएलमध्ये आधी अपारदर्शकता, मग निळा, हिरवा, लाल. लाल धोक्याचा पट्टा निळा उमटतो आणि लोक त्याला नदी समजतात.

उंचीचा प्रकार. 'क्लॅम्प टू ग्राउंड' म्हणजे जमिनीला चिकटलेलं, 'रिलेटिव्ह' म्हणजे जमिनीपासून वर, 'ॲब्सोल्यूट' म्हणजे समुद्रसपाटीपासून. ॲब्सोल्यूटमध्ये उंची ० ठेवली तर पठारावरची खूण जमिनीखाली गाडली जाते. "माझी खूण नाहीशी झाली" ही तक्रार निम्म्या वेळा याचीच.

चित्रं. केएमएलमध्ये फोटोचा फक्त पत्ता असतो. पेनड्राइव्हवरून दुसऱ्या यंत्रावर नेली की फोटोंच्या जागी लाल फुली. केएमझेड म्हणून साठवा. ती झिप फाइलच आहे, आत चित्रं सोबत जातात.

१८० रेखावृत्त. फिजीसारखा प्रदेश एका बहुभुजात कोंबला तर तो उलट्या बाजूने पृथ्वीला पट्ट्यासारखा गुंडाळतो. दोन तुकडे करा, एक १८० पर्यंत, दुसरा उणे १८० पासून.

---

जुनापट

जगाचा जुना नकाशा स्कॅन करून 'इमेज ओव्हरले'ने गोलावर पांघरला. विषुववृत्त जुळवलं तर युरोप खाली-वर होतो, युरोप जुळवला तर विषुववृत्त सरकतं. ओढून ताणून जमतच नाही.

---

विदागार

ताणून जमणारच नाही. ओव्हरलेच्या चौकटीत अक्षांश समान अंतरावर आहेत असं सॉफ्टवेअर धरून चालतं. तुमचा नकाशा मर्केटर असेल तर त्यात अक्षांशांमधलं अंतर ध्रुवांकडे वाढत जातं. तो आधी क्यूजीआयएस या मुक्तस्रोत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये नेऊन समान अंतरावरच्या अक्षांश-रेखांशांच्या चौकटीत, म्हणजे ईपीएसजी ४३२६ मध्ये, बदलून घ्या. लहान भागाचा नकाशा असेल, एखाद-दोन अंशांचा, तर एवढं केलं नाही तरी नजरेला कळत नाही.

संपूर्ण जगाचं चित्र असेल तर रुंदी उंचीच्या बरोबर दुप्पट हवी, उदाहरणार्थ ४०९६ × २०४८. मग 'लोकेशन'मध्ये उत्तर ९०, दक्षिण −९०, पूर्व १८०, पश्चिम −१८० भरलं की झालं. ओढाताण शून्य. चित्राला चहूबाजूंनी पांढरी कड किंवा शीर्षक राहिलं असेल तर कापून टाका, नाहीतर ध्रुवावर पांढरी टोपी येते.

---

अक्षवृत्त

तयार विदाचा सर्वांत चांगला पाठ म्हणजे भूकंप. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण, यूएसजीएस, केएमएलमध्ये सतत ताजी होणारी फाइल देतं. ३० दिवस, मॅग्निट्यूड २.५ च्या वर, खोलीनुसार रंग, ही घ्या. भूकंप किती जुना त्यानुसार रंगाची पण असते, ती बातमीसाठी बरी, पाठासाठी नाही.

दक्षिण प्रशांत महासागरातल्या टोंगावर जा. बेटांच्या पूर्वेला सागरी गर्ता दिसते. तिथून पश्चिमेला फिजीकडे रूलर ओढा. गर्तेजवळचे भूकंप उथळ, जसजसं पश्चिमेला जावं तसे खोल, शेवटी ५००-६०० किमीच्या पुढे. प्रत्येक गटाने दहा-बारा भूकंप निवडून गर्तेपासूनचं अंतर आडव्या अक्षावर आणि खोली उभ्या अक्षावर खाली मांडायची, दोन्ही प्रमाणं सारखी. खाली बुडणारा भूपट्ट त्या ठिपक्यांतून आपोआप तिरका उमटतो. सांगावं लागत नाही.

इथे गोलाची मर्यादाही कळते: त्याला जमिनीखाली काही दाखवता येत नाही. सगळे ठिपके पृष्ठभागावरच. तिसरी मिती आहे असं वाटणाऱ्या गोष्टीत मुलांना तिसरी मिती कागदावर काढावी लागते, ही गंमतच आहे. आणखी एक: १० किमी खोलीवर ठिपक्यांची संशयास्पद रांग लागते. खोली नीट ठरवता आली नाही की तिथे १० किमी हा ठरावीक आकडा घातला जातो. ते ठिपके वगळा किंवा वेगळ्या रंगाने मांडा.

---

दर्शनी

प्रदर्शन, विज्ञान केंद्र, ग्रंथालय इथल्या वापरावर लिहितो. वर्ग आणि प्रदर्शन यांत मोठा फरक: वर्ग तुमच्यासमोर बसलेला असतो, प्रदर्शनातला माणूस उभा असतो आणि त्याला निघायचं असतं. त्याला मेन्यू दाखवू नका. तीन-चार मोठ्या बटणांच्या खुणा, प्रत्येक खूण म्हणजे एक प्रश्न. "हा तलाव कुठे गेला?" असं. अरल समुद्र कधीकाळी जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर होता. अमू दर्या आणि सिर दर्याचं पाणी १९६० च्या दशकापासून शेतीकडे वळवलं गेलं. एप्रिल २०२१ पासून गूगल अर्थमध्ये टाइमलॅप्स, म्हणजे वर्षावर्षांच्या प्रतिमांची चित्रफीत, आहे, १९८४ पासूनची. अरल त्यात तीस सेकंदांत आटतो आणि माणूस थांबतो. पेरूमधली उकायाली नदीही अशीच थांबवणारी: नागमोडी वळणं सापासारखी सरकतात, तुटतात, नालाकृती सरोवरं मागे राहतात.

उड्डाणाचा वेग कमी ठेवा. टूरमध्ये, म्हणजे आधी आखून ठेवलेल्या उड्डाणात, दोन प्रकार असतात. 'बाउन्स' आधी वर उसळून मग खाली उतरतो, 'स्मूद' सरळ सरकतो. दूरच्या उडीला बाउन्स घ्या, म्हणजे कुठून कुठे गेलो ते कळतं. जवळच्या जागांना स्मूद. दोन ठिकाणांमध्ये निदान आठ-दहा सेकंद, आणि पोचल्यावर तेवढंच थांबणं. मोठ्या पडद्यावर वेगाने तिरकं दृश्य फिरवलं की काही जणांना गरगरतं, आणि ते तक्रार न करता निघून जातात. टूर चालवायच्या पट्टीवर पुन्हा-पुन्हा वाजवायचं बटण असतं ते चालू ठेवा, कुणी मध्येच सोडून गेलं तरी पडदा समुद्रावर अडकून राहत नाही. राजकीय सीमा आणि नावांचा थर बंद ठेवून सुरुवात करा. वादग्रस्त सीमेवर एकदा चर्चा घसरली की नदी, डोंगर सगळं बाजूला पडतं. आणि खालची श्रेयओळ कापू नका. ती दिसती ठेवणं ही वापराची अटच आहे.

तीन पडदे जोडून अर्धवर्तुळ करायचं असेल तर तीन संगणक लागतात. मुख्य यंत्र कॅमेऱ्याची जागा जाळ्यावरून इतरांना कळवतं. बाजूच्या यंत्रांच्या सेटिंग फाइलीत दिशेचा फरक भरायचा: प्रत्येक पडद्यावर आडव्या दिशेने दिसणारा कोन ४० अंश असेल तर −४०, ०, +४०. पडद्यांच्या कडेची जाड चौकट असेल तर अंश-दोन अंश वाढवा, नाहीतर किनारा चौकटीशी तुटून उडी मारल्यासारखा दिसतो. वायफायवर हे चालवू नका, बाजूचे पडदे मागे रेंगाळतात. तारच हवी. आणि लक्षात घ्या, कॅमेरा जुळतो, थर जुळत नाहीत. भूकंपाची फाइल तिन्ही यंत्रांवर वेगवेगळी चालू करावी लागते.

---

छिद्रान्वेषी

आणि लोकसंख्येचे उंच उंच खांब उभे करू नका! प्रत्येक प्रदर्शनात असतात. मागचा खांब दूर असल्याने बुटका दिसतो, पुढचा त्याला झाकतो, आणि तळ मोठा असलेला देश आकारमानाने जास्त भरतो. तुलना करायचीच तर ती वाचता आली पाहिजे.

---

दर्शनी

अर्धंच पटलं. सारख्या जाडीचे खांब, संख्या दहा-बाराच्या आत आणि दृश्य फिरवता येत असेल तर खांब लोकांना खेचतात. आकडा मात्र खांबाच्या डोक्यावर लिहा. देशाचा आख्खा आकार उचलून धरणं वाईट, यावर एकमत.

ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी खऱ्या गोलाचाही विचार करावा. अमेरिकेच्या नोआ या महासागर-हवामान संस्थेचा 'सायन्स ऑन अ स्फिअर' ६८ इंच व्यासाचा लटकता गोल आहे आणि चार प्रोजेक्टर त्यावर चित्र टाकतात. त्याला लागणारी चित्रं वर विदागार यांनी सांगितली तशीच, दोनास एक. म्हणजे एकदा केलेलं चित्र पडद्यावरच्या गोलालाही चालतं.

---

वळणवाट

ऋतूंसाठी प्रोमधला सूर्य वापरावा का? मुलांचा "उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते" हा समज काही केल्या जात नाही.

---

अक्षवृत्त

वापरा, पण मर्यादेत. सूर्याचं चिन्ह दाबून कालपट्टी २१ जूनवर न्या, पट्टीच्या पर्यायांत वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, करा. नाहीतर संगणकाची स्थानिक वेळ लागते आणि उजेडाची जागा सांगताना गोंधळ होतो. उत्तर ध्रुव बरोबर मध्ये आणून २४ तास सरकवा. ६६.५ अंशांच्या आत अंधार येतच नाही. मग २१ डिसेंबर. हे पाहून कलाचा परिणाम पटतो. तेव्हा जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, हे सांगायची योग्य वेळ तीच. पण कक्षा, कललेला अक्ष आणि त्याची न बदलणारी दिशा या गोलात दिसत नाहीत. त्यासाठी दिवा आणि चेंडूच. शिवाय उजेड-सावली बदलते, खालची प्रतिमा नाही: डिसेंबरातही शेतं हिरवीच, बर्फ तेवढाच.

---

नकाशेकर

टाइमलॅप्स आणि जुन्या प्रतिमांवरून कुणी किनाऱ्याची धूप मोजणार असेल तर एक खबरदारी. वेगवेगळ्या तारखांच्या प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत, काही मीटर सरकतात. दोन्ही तारखांना न हललेला एखादा रस्त्याचा चौक किंवा इमारतीचा जमिनीलगतचा कोपरा निवडून खूण टाका आणि दोन खुणांमधलं अंतर मोजा. छपराचा कोपरा नको, कॅमेऱ्याच्या कोनाने उंच छप्पर कलतं. ते अंतर ८ मीटर आलं आणि किनारा ६ मीटर सरकलेला दिसला, तर काहीच सरकल्याचं सिद्ध होत नाही. अशा तीन-चार जागा घ्या. त्यातच भरती-ओहोटीची वेळ प्रतिमेवर लिहिलेली नसते, आणि सपाट पुळणीवर पाणी एका भरतीत सहज पन्नास मीटर आत-बाहेर होतं. म्हणून पाण्याची कड मोजू नका. झाडोऱ्याची कड किंवा वाळूच्या टेकाडाचा पायथा मोजा.

---

वळणवाट

वाचनखूण साठवली. शेवटचं: तपासायचं कसं? परीक्षेत गोल नसतो.

---

नकाशेकर

गोल बंद करूनच तपासायचं. पहिल्या पाठासारखे दोन नवे बिंदू द्या, या वेळी दक्षिण गोलार्धात. ४० दक्षिणेवर, एक १४५ पूर्वेला, दुसरा ७० पश्चिमेला. सपाट नकाशावर जवळचा रस्ता हाताने काढायला सांगा. जे रेघ अंटार्क्टिकाकडे, म्हणजे नकाशावर खालच्या बाजूला, वाकवतात त्यांना कळलं. जे सवयीने वर, उत्तरेकडे वाकवतात, त्यांनी पहिल्या दिवशीचं चित्र पाठ केलेलं आहे. त्यांच्याकडून रेघ पुन्हा काढून घ्या, मग गोल उघडा.